पेटीतली उचकी

दत्त चौकातून पोस्टाकडे वळताना प्रेमसिंगचा पाय जागच्या जागी थांबला. रस्त्यात आडवं काही आलं नव्हतं. एकसष्ट सालचा मे महिना, दुपारी दोनची वेळ, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि अशा उन्हात यवतमाळात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. बँडवाल्यांच्या दुकानाच्या ओट्यावर क्लॅरनेटवाला एकटाच पाय पसरून बसला होता आणि लग्नसराईत हात चालू राहावा म्हणून काहीबाही वाजवत होता. आधी प्रेमसिंगच्या कानाला काही कळलं नाही. कळलं ते बोटांना. खिशातल्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्या आईचं रडणं वाजवतो आहे. तिसरी ओळ संपताना क्लॅरनेटने एक उचकी दिली, बारीक, ठसक्याची, ऐकणाऱ्याला हसू यावं अशी. ती उचकी आईची नव्हती. ती प्रेमसिंगने घातली होती.

“हे काय वाजवून राह्यले?” त्याने विचारलं.

“हे? त्या फार्सातलं हाये ना, जाड्या नवरीचं.” क्लॅरनेटवाल्याने जिभेने पत्ती ओली केली. “पब्लिकले लय पसंद हाये. नवरी निंगाली का हेच मांगतेत.”

“चाल कोनाची?”

“कोनाची कायले राहते? असन सिनेमातली.” तो पुन्हा वाजवायला लागला, मग थांबून म्हणाला, “सोमवारी दिग्रसकडं जाऊन राह्यलो. तांड्यावर लग्न हाये. नवरदेव बाभुळगावकडचा, त्याहीनंच ऑर्डर देली.”

सोमवारी दिग्रसकडच्या तांड्यावर एकच लग्न होतं, ते प्रेमसिंगच्या भाचीचं, लालीचं. “तिथं हे नका वाजवू,” तो म्हणाला. “काहून?” असं क्लॅरनेटवाल्याने अगदी साधेपणाने विचारलं. खरं उत्तर चौकात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तिथल्या लोकाईले आवडत नाही, एवढंच पुटपुटून तो पोस्टाकडे गेला, आणि कशाला गेलो होतो ते आठवेना म्हणून तसाच परत आला.

खोलीवर येऊन तो पेटीशेजारी आडवा झाला. ही पेटी त्याच्या आयुष्याला पुरून उरली होती. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापाने गेली, पेटी मात्र राहिली. सोळा वर्षांचा असताना तो दिग्रसच्या जिनात सरकी भरायला लागला. तिथे शनिवारी भजन व्हायचं आणि भजनाची पेटी एका कोपऱ्यात कापसाच्या गंजीला टेकवून ठेवलेली असायची. जेवणाच्या सुटीत त्याने ती कोणाला न विचारता शिकून घेतली. शिकवणारा गुरू नाही, घराणं नाही, सरगम म्हणाल तर तीही नंतर आली. त्याला एवढंच कळायचं की माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याचा सूर कुठल्या पट्टीजवळ येऊन बसतो. गाणाऱ्याने नुसतं खाकरलं तरी प्रेमसिंगचं बोट त्या पट्टीवर जाऊन थांबलेलं असे. मग काय, जो तो त्याला न्यायला लागला. खडी गंमत करणाऱ्या तमासगिरांनी नेलं, उरुसात कव्वालांनी नेलं, राममंदिरात कीर्तनाला नेलं, शाळेच्या गॅदरिंगला नेलं. बुवा फार वर चढला तर हा हळूच त्याला खाली घेऊन यायचा, कव्वाल ओळ विसरला तर हा दोन आवर्तनं भरून काढायचा, आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. पाण्यासारखा माणूस, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेणारा. लोक त्याला पेटीवाले म्हणत. तिसऱ्या गल्लीत राहतात ते पेटीवाले. प्रेमसिंग रूपला राठोड हे नाव फक्त रेशनकार्डावर होतं.

एकदा एका गाणाऱ्याबरोबर तो नागपूरला रेडिओवर गेला होता. दोघांनी महिनाभर तयारी केली होती. अख्खा प्रवास त्याने पेटी मांडीवर घेऊन केला, धक्का बसू नये म्हणून. दारातच सांगितलं की रेडिओवर पेटी चालत नाही, बंदी आहे, आतमध्ये सारंगीवाले आहेत. गाणारा बिचारा ओशाळला, पण गेला आत. जायलाच हवं होतं त्याने. प्रेमसिंग बाहेर कडुनिंबाखाली पेटीवर हात ठेवून बसून राहिला. राग आला का म्हणाल तर नाही आला. त्याला फक्त वाटलं की हे लोक खरं बोलतात, पेटीला स्वतःचं असं काही नसतंच, तिच्यात दुसऱ्याने वारा भरावा लागतो. पुढे हे वाटणं त्याच्या अंगात मुरलं.

आणि तरी त्याच्याजवळ एक चाल होती. होती म्हणजे आईची होती. त्याची याडी, पंचफुला, साऱ्या तांड्याला रडायला शिकवायची. शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल, पण बंजाऱ्याची पोर सासरी जाताना नुसती हुंदके देत नाही, ती ढावलो म्हणते, आणि ढावलो काही आपोआप येत नाही. लग्न ठरलं की पोरीला महिनाभर एखाद्या जाणत्या बाईजवळ बसवायचं. आईच्या गळ्याला कसं पडायचं, भावाच्या गळ्याला पडून काय म्हणायचं, ज्या झाडाखाली खेळली त्याला काय सांगायचं, श्वास कुठे तोडायचा, सगळं शिकावं लागतं. शेवटी नवरीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करतात, आणि ती दोन्ही हात वर करून तांड्याचा निरोप घेते. प्रत्येक तांड्याची चाल थोडी निराळी, पण याडीच्यासारखी मुलखात कोणाची नव्हती. ती तिच्या आजीकडून आलेली, बैलांवर मीठ लादून फिरायच्या दिवसांतली. तिसऱ्या ओळीनंतर याडी श्वास तोडायची आणि तिथे काहीच नसायचं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसती खाच. त्या खाचेत समोरच्या बाया रडायला लागायच्या. लहान प्रेमसिंग तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा आणि ती खाच त्याला तिच्या पोटाच्या हलण्यावरून कळायची. तो नऊ वर्षांचा असताना मोठी बहीण मानीबाई त्याच चालीवर बैलावर उभी राहून रडली होती. तो बैलामागे नाल्यापर्यंत धावत गेला होता.

ती चाल त्याने पेटीवर कधी काढली नव्हती. मनाई कोणी केली नव्हती, पण आपल्या हातून नको असं काहीतरी होतं. आणि मग अठ्ठावन्न साली ती एका दुपारी हातातून निसटली. कचेरीतले हेडक्लार्क सदाशिवराव हौशी नाटकमंडळ चालवायचे. माणूस सज्जन, पेटीवाल्यालाही अहोजाहो करणारा. त्यांनी फार्स बसवला होता, त्यात एक मिशीवाला जाडा इसम लुगडं नेसून नवरी बनतो आणि सासरी जाताना खोटं खोटं रडतो. प्रयोग दुसऱ्या दिवसावर आला तरी त्या रडण्याला चाल मिळेना. “प्रेमसिंग, काढा हो काहीतरी. तुमच्याजवळ चालींचा तोटा आहे का?” असं सदाशिवराव म्हणाले आणि बोटांनी काढली. शपथेवर सांगायचं तर त्याने ठरवलं नव्हतं. पण तिसऱ्या ओळीनंतर खाच आली तेव्हा तालीम बघणारे गप्प झाले. फार्सात माणसं गप्प झाली म्हणजे संपलंच. सदाशिवराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, इथे थोडं पडतंय. तेव्हा प्रेमसिंगने विचार करून, अगदी ठरवून, त्या मोकळ्या जागेत एक उचकी बसवली. ही मात्र बोटांची चूक नव्हती. जाड्याने तिथे पोट हलवलं आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रयोगाला तर थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. तीनदा वन्समोअर. शेवटी सदाशिवरावांनी पडद्यापुढे येऊन सांगितलं, ही चाल आमचे श्रीयुत प्रेमसिंग राठोड यांची आहे, आणि त्याला उभं राहायला लावलं. तो उभा राहिला. अंधारात चार-पाचशे माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. एवढ्या वर्षांत कोणी त्याला श्रीयुत म्हटलं नव्हतं. त्या क्षणी याडीची आठवण आली का? नाही आली. हेच त्याला पुढे खात राहिलं. ती तेव्हा दोन वर्षांपूर्वी वारली होती, आणि त्याला फक्त सुख वाटलं, अंगभर, निव्वळ सुख. फार्स मग तालुक्या-तालुक्याला गेला, वणीला झाला, पुसदला झाला, बाभुळगावच्या बाजारात झाला. चाल सुटी होऊन हिंडायला लागली, आणि तिच्यावरचं त्याचं नाव कुठे गळून पडलं ते कळलंही नाही.

शुक्रवारी तो कचेरीत गेला आणि सदाशिवरावांना म्हणाला की तो फार्स आता बंद करता येईल का. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “अहो, तुमचीच चाल. गल्लीबोळात वाजतेय. दुसरा असता तर मिरवला असता.” ते मनापासून बोलत होते. प्रेमसिंगने मान हलवली. बंद करून तरी काय होणार होतं? बाण सुटला तो सुटला. आता एकच करता येण्यासारखं होतं. रविवारी तांड्यावर जायचं आणि लालीच्या आईला, मानीबाईला सांगायचं. सांगितलं तर ती लालीला दुसरी चाल देईल, पोर हसण्यापासून वाचेल. पण मग बहिणीचं दार त्याला बंद होईल, आणि त्या दाराखेरीज त्याला जगात दुसरं दार नव्हतं. शनिवारची अख्खी दुपार त्याने हे दोन्ही तोलून पाहिलं, आणि दर वेळी निराळंच पारडं खाली गेलं.

मानीबाई पाच वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरच्या तांड्यावरच येऊन राहिली होती. याडीचं घर, याडीचं जातं, आणि पोरींना शिकवायचं याडीचं कामही तिच्याकडे आलं होतं. तो मोटरीतून उतरून पेटी काखेत घेऊन शेताशेतानं आला तेव्हा ती अंगणात लालीला समोर बसवून शेवटची उजळणी घेत होती. लालीची धाकटी बहीण नंदा दारात ज्वारी निवडता निवडता ओठांतल्या ओठांत म्हणत होती. लालीचा आवाज कोवळा, पण खाच बरोबर पडत होती. अगदी याडीच्या जागी. 

“पेमा, आला का? बस.” मानीबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. “सांग बरं, कसं हाये पोट्टीचं?”

“चांगलं हाये.” तो पाणी प्यायला. “बाई, एक म्हनू का? यावेळेस दुसरी एखांदी चाल घेतली तर?”

“दुसरी कोनती?”

“त्या पलीकडच्या तांड्याची. लालीचा आवाज बारीक हाये, तिले ते—”

“याडीची हाये ना आपल्याजवळ,” ती म्हणाली. रागाने नव्हे, अगदी समजूत घातल्यासारखी. “दुसऱ्याचं रडनं कायले मांगून आनाचं?”

सांगायची वेळ होती ती हीच. वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, बाई, ते मी इकलं नाही पन वाटून टाकलं. लाली त्याच्याकडे बघत होती, हळदीने पिवळी झालेली, मामाने आवाजाला चांगलं म्हटलं म्हणून खुशीत. तो म्हणाला, “हो, ते बी खरं हाये.” आणि तांब्या खाली ठेवला.

सोमवारी लग्न लागलं, जेवणं झाली, आणि ऊन उतरायच्या आधी बैल आणला. शिंगांना गोंडे, पाठीवर काचांची झूल. लालीला दोन भावांनी धरून वर उभं केलं. बाया गोळा झाल्या, तांड्याचे नायक काठी टेकून पुढे आले, वऱ्हाडी झाडाखाली पान खात होते. लालीने हात वर केले. पहिली ओळ तिने म्हटली आणि प्रेमसिंगने नकळत पट्टी ओळखली, काळी दोन. दुसऱ्या ओळीला झाडाखालची चार-सहा जवान पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसत होता. तिसऱ्या ओळीपर्यंत क्लॅरनेटवाल्याच्याही ध्यानात आलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे प्रेमसिंगइतकं कोणालाच कळलं नसतं. गाणाऱ्याला साथ द्यावी, सूर मोकळा सोडू नये, एवढंच त्या माणसाला माहीत, आणि प्रेमसिंगनेही जन्मभर तेच केलेलं. त्याने लालीची पट्टी अचूक धरली, मागून हळूच तिच्याबरोबर चालायला लागला, आणि खाच आली तेव्हा त्या रिकाम्या जागेत उचकी टाकली.

हसू फुटलं. एका पोराने पोट पुढे काढून जाड्यासारखं हलवलं. म्हातारे ओरडले, गप्प व्हा, लाज नाही का, पण हसू एकदा फुटलं की आवरता आवरत नाही, आणि त्यात बाया-पोरंही काय झालं म्हणून विचारत हसायला लागली. लाली वरच होती. तिचे हात तसेच वर होते. तिने एकदा मानीबाईकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं, कारण गाण्या-वाजवण्यातलं कळणारा तोच होता. मामा बँडवाल्यांना काहीतरी सांगेल म्हणून तिने वाट पाहिली. प्रेमसिंग आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग तिने हात खाली घेतले आणि भावाचा खांदा धरून मुकाट्याने उतरली. तिने पुढचं म्हटलंच नाही. आईच्या गळ्यालाही पडली नाही, नुसती पाया पडली. कोरड्या डोळ्यांनी तांडा सोडणारी पोर त्या अंगणाने पाहिलेली नव्हती. गाडी नाल्यापार गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उष्ट्या पत्रावळींवर कावळे होते. मानीबाई ओट्यावर बसली होती, रात्रभर झोपली नसावी. प्रेमसिंगने पेटी बांधून दारापाशी ठेवली होती. मोटर चारची होती, पण त्याला अंगणात बसवत नव्हतं.

“त्याईले कसं मालूम होतं रे ते?” ती म्हणाली.

“मले काय मालूम, बाई.”

“आपल्या तांड्याबाहेर कोनाले येत नाही. मले येते, याडीले येत होतं. मी बाहेर कोनाले देलं नाही.” तिची नजर याडीच्या जात्यावर गेली. “म्हंजे याडीनंच देलं असन. कोन्या वाजंत्र्याच्या बाईले. तिकडं जिनात कामाले जात जाय ना शेवटी शेवटी, तमाकूसाठी पैसे लागत तिले. देलं असन इकून.”

“नाही,” तो म्हणाला.  मेलेल्या आईवर आळ चालला होता आणि त्याच्याकडून एका शब्दापलीकडे जाववत नव्हतं.

“नाही कसं? मंग काय हवेनं गेलं?” तिने डोळे पुसले. “जाऊ दे. लालीचं झालं ते झालं. पन नंदाचं हाये दोन वर्सांनं. हे आता चालनार नाही, लोक हासतीन. तू एक करजो, पेमा. तुह्याजवळ एवढ्या चाली हायेत, साऱ्या जिल्ह्याले देतं. एक नंदाले दे. नवी. कोनीच ऐकली नसन अशी. आता काढ, मी इथंच पाठ करतो.”

त्याने पेटी सोडली. भाता हलवला. सकाळच्या त्या उन्हात दोघं समोरासमोर बसली होती, आणि नंदाही येऊन आईच्या मागे टेकली. त्याने एक चाल धरली, ती कीर्तनातली निघाली. दुसरी धरली, ती कव्वालीकडे गेली. तिसरी खडी गंमतीची, चौथी शाळेतल्या पोरींची प्रार्थना. जी जी उचलावी तिच्यावर कोणाचं तरी तोंड होतं, कोणाचा तरी घसा. इतक्या वर्षांत त्याने इतक्या लोकांचे सूर धरले होते, पण तो स्वतः कुठल्या पट्टीत रडतो हे त्याला कधी विचारावंच लागलं नव्हतं. मानीबाई धीराने ऐकत होती. शेवटी त्याने डोळे मिटले आणि बोटं मोकळी सोडली. मोकळी सोडली तर ती जिथे जायची तिथेच गेली, काळी एकवर, याडीजवळ. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. थांबवावं असं वाटत होतं आणि थांबवता येत नव्हतं, इतकं ते त्याचं होतं. तिसऱ्या ओळीनंतर याडीचं पोट हललं, तो त्या खाचेपाशी आला, आणि तीन वर्षांच्या सवयीने त्याच्या करंगळीने तिथे उचकी टाकली.

त्याने डोळे उघडले. नंदाला हसू आलं होतं, ते तिने हाताने दाबलं. मानीबाई हसली नाही. ती त्याच्या करंगळीकडे बघत होती. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट जुळत गेली, आणि तो ते सगळं जुळेपर्यंत तसाच बसून राहिला. भात्यातला उरलासुरला वारा निघून गेला.

“याडीचं नाव घेतलं मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

मग तिने पुढे वाकून पेटीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं, त्यावर फडकं पसरलं, चारही टोकं नीट ओढून गाठ मारली. पेटी उचलून तिने त्याच्यासमोर ठेवली आणि ज्वारीचं सूप जवळ ओढलं.

“मोटर कितीची हाये तुही?” तिने वर न बघता विचारलं.

मोटर चार वाजता होती. अजून सकाळचे नऊ वाजायचे होते.

“आता हाये,” प्रेमसिंग म्हणाला, आणि पेटी काखेत मारून उठला.